पिवळं म्हणजे कसं पिवळं

सन दोन हजार चार. आमच्या नर्सिंग शाळेत कॉम्प्युटर येऊन तीन वर्षं झाली होती आणि त्याचं कापडी झाकण मी अजून दर शनिवारी घरी नेऊन धूत होते. यावरून आमचं त्याच्याशी नातं काय होतं ते कळावं. मी तिथली लघुलेखिका. सगळे मला स्टेनोबाई म्हणायचे. चोपन्न वर्षांची होते, चार वर्षांत निवृत्त होणार होते, आणि नवीन काही शिकायचं वय टळलं अशा समजात सुखी होते.

शाळेच्या मेट्रन म्हणजे माझ्या सख्ख्या नणंदबाई, यांची पाठची बहीण. त्यांनी लग्न केलं नाही, आमच्याच घरात मागच्या खोलीत राहायच्या. घरी मी त्यांना वन्सं म्हणायची. शाळेच्या पायऱ्या चढल्या की मेट्रन. त्याही घरी वहिनी म्हणायच्या आणि शाळेत स्टेनोबाई. हा नियम आम्ही कधी बसून ठरवला नव्हता, पण सव्वीस वर्षं पाळला. शाळेत त्यांनी चुकून ‘वहिनी’ म्हटलं, की मी हातातलं काम खाली ठेवायची. काहीतरी बिनसलेलं असायचं.

त्या वर्षी नवा नियम निघाला. लांबलांबच्या छोट्या दवाखान्यांत वर्षानुवर्षं बाळंतपणं करणाऱ्या मदतनीस बायकांना परीक्षा द्यावी लागणार होती. दोन संधी. दोन्हींत नापास झाली की नोकरी संपली, मग तिच्या हातून हजार मुलं जन्मलेली का असेनात. आमच्याकडे अशा एकतीस जणी तयारीसाठी आल्या. त्यांतल्या तिसांची पहिली खेप होती. एकीची दुसरी.

ती एक म्हणजे टॉर्चबाई. कमरेच्या पट्ट्यात कायम टॉर्च खोचलेला, म्हणून हे नाव. एकोणीस वर्षं नोकरी, नवरा नाही, दोन मुली शिकत होत्या. वर्षाच्या सुरुवातीला झालेल्या पहिल्या परीक्षेत ती नवजात बाळाच्या रंगावर नापास झाली होती. तोंडी परीक्षेत तिला दाखवलेलं प्रत्येक बाळ तिनं पिवळं ठरवलं, कारण प्रत्येक बाळ ती कमरेच्या त्या टॉर्चच्या उजेडात बघत होती. त्या काळच्या टॉर्चचा उजेडच पिवळा.

“अगं, तुझ्या टॉर्चमध्ये मीसुद्धा पिवळीच दिसेन,” वन्सं तिला सगळ्यांसमोर म्हणाल्या होत्या.

“दिसताच बाई, पण बोलायचं कसं?” टॉर्चबाई म्हणाली आणि वर्ग खो खो हसला.

दोन दिवसांचा वर्ग. वन्संनी आयुष्यात पहिल्यांदा फळ्याला सुट्टी दिली आणि पडद्यावर स्लाइड दाखवून शिकवलं. बासष्ट स्लाइड होत्या. डॉक्टरांनी नव्या कॅमेऱ्यानं काढलेले बाळांचे, नाळेचे, हातांचे मोठे मोठे फोटो. त्यांनी ‘पुढचं’ म्हटलं की मी मागे बसून बटण दाबायची.

दुसऱ्या दिवशी, गुरुवारी, निघताना बायकांनी कागद मागितले. झेरॉक्स मशीन महिनाभर बंद होतं, त्याचा कुठलासा भाग यायचा होता. परीक्षा पुढच्या बुधवारी. टपाल त्या गावांना आठ दिवसांनी पोचायचं. वन्सं व्यासपीठावर उभ्या होत्या, वर्ग छान झाल्यामुळे जरा हवेतही होत्या. त्या म्हणाल्या, “शनिवारपर्यंत सगळ्यांच्या दवाखान्यात ई-मेलनं पाठवते.”

त्यांनी जन्मात एक ई-मेल पाठवला नव्हता. त्यांचे सगळे मेल मी पाठवायची.

टॉर्चबाई बसला जायच्या आधी माझ्या टेबलाशी आली. “स्टेनोबाई, कागद नक्की ना? मला ऐकून राहत नाही हो. वाचलं की राहतं.”

“नक्की.”

“नाहीतर काय, नापास झाले की तिथंच झाडूवाली म्हणून अर्ज करीन. जायचा-यायचा रस्ता तरी बदलायला नको.” असं म्हणून हसली, पण माझं मनगट तिनं धरून ठेवलं होतं ते काही लगेच सोडलं नाही.

शुक्रवारी सकाळी मी फाइल जोडली आणि एकतीस पत्त्यांवर पाठवली. पाऊण तास कॉम्प्युटर विचार करत बसला. मग एकतीसच्या एकतीस परत आल्या. दवाखान्यांच्या मेलला एक एमबीपेक्षा जड काही चालत नव्हतं. आमची फाइल होती अठ्ठेचाळीस.

एमबी म्हणजे काय ते मला माहीत नव्हतं, पण अठ्ठेचाळीस एकात बसत नाहीत एवढं गणित येत होतं. मी बाह्या सावरल्या आणि फोटो लहान करायला लागले. फोटोचा कोपरा पकडायचा आणि आत ढकलायचा. एकेक करून बासष्ट स्लाइडवरचे सगळे फोटो मी असे ढकलले. दुपारपर्यंत प्रत्येक स्लाइडच्या मधोमध नखाएवढं बाळ आणि भोवती पांढरं मैदान.

वन्सं डोकावल्या. “हे काय, पोस्टाची तिकिटं?”

“लहान केलीत. आता जाईल.”

मी पुन्हा वजन बघितलं. अठ्ठेचाळीस.

“स्टेनोबाई, तुम्ही नक्की काय लहान केलंत?”

“डोळ्यांनी दिसतं तेवढं सगळं केलं, मेट्रन. न दिसणारं कसं करायचं ते तुम्ही दाखवा.”

शेवटी समोरच्या तंत्रशाळेतल्या कॉम्प्युटर मास्तरांना फोन केला. मास्तर बारीक, खांद्यात वाकलेले, बोलताना चष्मा पुसायचे. त्यांनी माझी तिकिटं पाहिली आणि हसले नाहीत, याबद्दल मी त्यांना आजही दुवा देते.

“बाई, जाड कोट घडी घालून छोट्या पिशवीत कोंबला, तर वजन कमी होतं का?”

“नाही.”

“तुम्ही घडी घातलीत. कोट आत आहे तसाच आहे. मोठं आणि जड हे दोन वेगळे शब्द आहेत कॉम्प्युटरमध्ये.”

“आमच्याकडेही वेगळेच आहेत,” वन्सं म्हणाल्या. “मी मोठी दिसते, या जड आहेत.”

मास्तरांनी एक बटण दाबून फोटोंचं खरोखरचं वजन उतरवलं. अठ्ठेचाळीसचे पाच झाले. मग एका पानावर सहा स्लाइड बसवल्या, रंग काढून टाकून सगळं काळंपांढरं केलं, आणि अकरा पानांची एक नवी फाइल तयार झाली. एक एमबीच्या आत, जेमतेम. जवळच्या एका दवाखान्यात चाचणीला पाठवली. तिकडून फोन आला, “मिळाली.” मी मास्तरांना दोनदा चहा पाजला. घरी जाताना वन्संनी बसमध्ये डुलकी काढली, इतका जीव हलका झाला होता. बाकीच्या तिसांना उद्या पाठवू, असं ठरलं.

शनिवारी सकाळी मी एक प्रत छापून त्यांच्या टेबलावर ठेवली आणि पत्ते घालायला बसले. तीन पत्ते घातले असतील, तेवढ्यात आतून हाक आली.

“वहिनी.”

मी उठले.

वन्संनी तिसरं पान माझ्यासमोर धरलं. स्लाइड सोळा, सतरा, अठरा. गुलाबी बाळ, पिवळं बाळ, निळं बाळ. पडद्यावर बघताना वर्गातल्या बायकांनी श्वास रोखला होता ते हेच तीन फोटो. कागदावर तीन राखाडी बाळं शेजारी शेजारी झोपली होती. एका वजनाची, एका रंगाची, तिळ्यांसारखी.

“कोणतं पिवळं?” वन्संनी विचारलं.

“मधलं.”

“कशावरून?”

“मधे आहे म्हणून.”

“मग परीक्षेत मधलं बाळ पिवळं असं लिहायचं का टॉर्चबाईनं?”

मी म्हटलं, “बाकीची एकोणसाठ पानं... म्हणजे स्लाइड, त्या तरी जाऊ देत. हे तीन रंगीत वेगळे पाठवू.”

मास्तरांना पुन्हा फोन केला. ते म्हणाले, तीन फोटो रंगीत पाठवता येतील, त्यात काही अडचण नाही. मी विजयी मुद्रेनं फोन ठेवणार तेवढ्यात वन्संनी तो माझ्या हातातून घेतला. “मास्तर, त्यांच्या दवाखान्यात प्रिंटर कसला आहे हो?”

मास्तरांना ते माहीत होतं. सगळीकडे एकाच वेळी तेच यंत्र बसवलं होतं. त्यात फक्त काळी शाई. आणि कॉम्प्युटर तर डॉक्टरांच्या खोलीत, कुलपात. या बायकांच्या हाती पडणार होता तो कागद. आम्ही इथून इंद्रधनुष्य पाठवलं असतं तरी तिथं राखच पोचली असती.

वन्सं खुर्चीत बसल्या. “मी व्यासपीठावरून सांगितलं, वहिनी. शनिवारपर्यंत पाठवते म्हणून. तिची शेवटची खेप आहे.”

तेव्हा मला माझी वही आठवली. वर्गात बटण दाबायला बसले होते, तरी जुन्या सवयीनं वन्संचं सगळं बोलणं मी लघुलेखनात उतरवून घेतलं होतं. माझ्यासमोर कोणी बोलायला लागलं की पेन्सिल आपोआप चालते. लग्नाच्या बैठकीतही चालली असती. मी धावत वही आणली. “फोटो नकोतच! तुम्ही फोटोबद्दल जे बोललात ते शब्दांत पाठवू. शब्दांना वजन नसतं.”

“वाचा.”

मी सोळा नंबर काढला आणि वाचलं. “‘हे बघा. हे असं असतं. कळलं का?’ ‘हो बाई.’ ‘पुढचं. आता हे बघा. हे कसं पिवळं आहे, दिसतंय? कळलं का?’ ‘हो बाई.’ ‘पुढचं. आणि हे असं. निळं. हे दिसलं की धावायचं. कळलं का?’ ‘हो बाई.’”

“पुढे?”

“पुढे नाळ.”

“मी एवढंच बोलले?”

“एवढंच. दोन दिवसांत ‘कळलं का’ मात्र एकशे चौदा वेळा.”

“मोजलंत?”

“आत्ता नाही मोजलं. तेव्हाच मोजत होते.”

इतर वेळी यावर मला दोन दिवस ऐकून घ्यावं लागलं असतं. त्या दिवशी त्या उठून खिडकीशी गेल्या आणि पाठमोऱ्या उभ्या राहिल्या. तीस वर्षं फळ्यावर शिकवताना त्या प्रत्येक गोष्ट तोंडानं सांगायच्या, कारण फळ्यावर बाळ काढता येत नव्हतं. फोटो आले आणि त्यांनी बोट दाखवायला सुरुवात केली. फोटो चांगले होते म्हणूनच हे झालं होतं.

मी नवी पेन्सिल घेतली, वहीचं कोरं पान काढलं. “सांगा मेट्रन. पिवळं म्हणजे कसं पिवळं? मला काही दिसत नाही असं समजा.”

“पिवळं म्हणजे पिवळं!”

“हळदीसारखं?”

“छे. हळदीएवढं झालं तर उशीर झाला.”

“लोण्यासारखं?”

“लोणी म्हटलं तर त्या बाळाला छान म्हणतील.”

“मग?”

त्यांनी तोंडात चार-पाच पिवळे घोळवले आणि सगळे टाकून दिले. जुनं वर्तमानपत्र. पिकलेलं पान. धुतलेला शर्ट. मी लिहायची, त्या म्हणायच्या खोडा. मग एकदम येऊन त्यांनी माझा हात ओढला, अंगठ्यानं मनगटावर दाबलं आणि अंगठा काढला. “हे बघा... नाही, बघू नका, लिहा. लिहा: बाळाला उजेडात न्या. खिडकीशी, दिवसाच्या उजेडात. टॉर्च लावू नका. बोटानं नाकाचा शेंडा दाबा. बोट काढा. रक्त परत येईपर्यंत क्षणभर त्या जागेचा खरा रंग दिसतो. तो पांढरट दिसला तर ठीक. पिवळसर दिसला तर तसंच छातीवर करा, मग पोटावर, मग तळपायावर. पिवळेपणा वरून खाली उतरतो. तळपायाला पोचला असेल तर थांबू नका, मोठ्या दवाखान्यात पाठवा. जन्मल्याच्या पहिल्याच दिवशी पिवळं दिसलं, तर नाकावर दिसलं तरी पाठवा.”

माझी पेन्सिल धावत होती. त्यांना आता धार लागली होती. निळं म्हणजे कुठं निळं? हातपाय पहिल्या दिवशी निळसर असले आणि ओठ गुलाबी असले तर बाळाला ऊब द्या, घाबरू नका. ओठ आणि जीभ निळी असेल तर घाबरायलाही थांबू नका. ‘घाबरायलाही थांबू नका’ हे मी जसंच्या तसं ठेवलं. नाळ, रडणं, दूध ओढणं, सगळ्या बासष्ट स्लाइड त्यांनी डोळे मिटून पुन्हा शिकवल्या, आणि या वेळी एकदाही ‘हे बघा’ म्हटलं नाही. म्हटलं की मी पेन्सिल वर उचलायची.

साडेबाराला आमचे हे डबा घेऊन आले. यांचा रेडिओ दुरुस्तीचा धंदा. बाळ या विषयातलं ज्ञान म्हणजे स्वतःची दोन झाली एवढंच. वन्सं म्हणाल्या, “दादा, बस तिथं. वहिनी वाचतील तसं कर.”

मी टाइप केलेलं पहिलं पान वाचलं. हे उठून खिडकीशी गेले, भिंतीवरच्या आरशात बघत स्वतःचं नाक दाबलं, सोडलं.

“काय दिसलं?”

“क्षणभर पांढरं, मग नेहमीसारखं. पास का?” मग म्हणाले, “छातीवर पण दाबू?”

“शर्ट राहू दे. पाठवा, वहिनी,” वन्सं म्हणाल्या. “याला कळलं म्हणजे सगळ्यांना कळेल.”

चार पानं झाली. फोटो एकही नाही. फक्त नाळ बांधायच्या जागेचं एक रेघांचं चित्र, तेही मी हातानं काढलेलं. वजन बघितलं तर एका एमबीचा दहावा हिस्सासुद्धा भरला नाही. मला इतकं हलकं वाटलं की शंका आली, काही राहिलं तर नाही? सव्वा वाजता मी ती चार पानं एकतीस जणींना पाठवली. एकही परत आली नाही. शनिवारी शाळा दीडला सुटायची. वन्संनी घड्याळ बघितलं आणि डबा उघडला.

सोमवारी पोचल्याची उत्तरं यायला लागली. मंगळवारी दुपारपर्यंत तीस आली. एकतिसावं टॉर्चबाईचं, ते काही येईना. तिच्या दवाखान्यात फोन लावला तर नुसता वाजत राहायचा. वन्सं दर पाच मिनिटांनी माझ्या टेबलाशी यायच्या, आणि काही विचारायचं नसल्यासारखं टाचण्यांची डबी सरळ करून जायच्या. मला वाटलं, सगळ्यांना पोचलं आणि जिच्यासाठी केलं तिलाच नाही.

चारच्या सुमाराला फोन वाजला. टॉर्चबाई बसस्टँडवरून बोलत होती, उद्याच्या परीक्षेसाठी निघाली होती.

“कागद?” मी हॅलोसुद्धा म्हटलं नाही.

“सोमवारी सकाळीच आला की! डॉक्टरांनी स्वतः छापून दिला. चारी पानं पाठ झालीत. तुम्हाला उत्तर लिहिलं होतं ना, मिळालं नाही?”

“नाही.”

“अय्या. लिहिलं, आणि डॉक्टरांची खुर्ची, म्हणून लगेच उठले. पाठवा म्हणून आणखी काही दाबायचं असतं का?”

मी हसता हसता रडायला लागले. वन्संनी रिसीव्हर काढून घेतला, सगळं ऐकलं आणि म्हणाल्या, “टॉर्च पिशवीत ठेवून ये.” फोन ठेवल्यावर त्या माझ्या शेजारच्या स्टुलावर बसल्या आणि टाचण्यांची डबी पुन्हा सरळ करू लागल्या.

बुधवारी तोंडी परीक्षेची नोंद घ्यायला मीच आत होते. बाहेरून आलेले परीक्षक डॉक्टर, गंभीर माणूस. त्यांनी टॉर्चबाईसमोर शिकवायची रबरी बाहुली ठेवली. “हे दोन दिवसांचं बाळ. याला कावीळ आहे का, तपासून सांगा.”

टॉर्चबाईनं बाहुली उचलली, मानेखाली हात घालून, खऱ्या बाळासारखी. खिडकीशी नेली. नाकाचा शेंडा दाबला, सोडला, वाकून बघितलं. छाती दाबली. तळपाय दाबला. मग परत आली.

“साहेब, याचा रंग परत येत नाही.”

“म्हणजे?”

“म्हणजे हे रबराचं आहे म्हणून. पण खऱ्या बाळाचा असा परत आला नाही, तर काविळीचं मी नंतर बघीन. आधी श्वास चालतोय का ते बघीन.”

परीक्षकांनी पेन खाली ठेवलं. पहिल्यांदाच त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. “बसा,” ते म्हणाले, “बसून सांगा आता सगळं.” तिनं सांगितलं. मी शब्दन् शब्द उतरवला; त्यांतले निम्मे शनिवारी माझ्याच पेन्सिलीतून गेले होते.

महिन्यानं निकाल आला. एकतिसांत एकोणतीस पास. टॉर्चबाई चौथी. वन्संनी यादी दोनदा वाचली, चष्मा काढला आणि शाळेत, भर दुपारी, सगळ्यांसमोर मला मिठी मारली. मग म्हणाल्या, “नापास दोघींना परत बोलवा. त्यांची एक संधी आहे अजून.” त्या दोघीही पुढच्या खेपेला पास झाल्या.

टॉर्चबाईनं आणखी अकरा वर्षं नोकरी केली आणि मानानं निवृत्त झाली. तिची थोरली शिक्षिका झाली, धाकटी नर्स. धाकटी आमच्याच शाळेत शिकली, पण आईइतकी विनोदी नव्हती.

मास्तर दुसऱ्या गावी बदलून गेले. दरवर्षी एक पत्र यायचं, हातानं लिहिलेलं. कॉम्प्युटरवाल्या माणसानं कागदावर का लिहावं, हे मी कधी विचारलं नाही. सहा वर्षांपूर्वी पत्र आलं नाही. चौकशी केली तर मुलाकडे परदेशी गेलेत आणि तब्येत उत्तम आहे असं कळलं, त्यामुळे मी थोडी रागावले.

यांनी दुकान बंद केलं, पण रेडिओ उघडायचं सोडलं नाही. आता आमच्या घरात चालू रेडिओ एक आणि उघडलेले नऊ आहेत.

वन्सं निवृत्तीनंतर दहा वर्षं जगल्या, झोपेत गेल्या. शेवटची दोन वर्षं त्यांना फारसं दिसत नव्हतं. मी संध्याकाळी गॅलरीत बसून त्यांना समोरचा रस्ता सांगायची, कोण आलं, कोण गेलं. “नुसतं ‘ती बघा’ म्हणू नका,” त्या म्हणायच्या. “कशी आहे ते सांगा.”

मी पंचाहत्तरी ओलांडली आहे. परवा नातीनं कसलीशी फाइल मोबाइलवर पाठवली, ती मी उघडली, वाचली, आणि उत्तर लिहून ते पाठवलंसुद्धा.